अजून विचार चालू आहे

पडदेवाल्या काकूंना इंग्रजी शब्द बरेच येत होते, पण ते सगळे पडद्यांचे. हुक, रिंग, लायनिंग, प्लीट, ब्लॅकआउट. पडदे शिवायच्या कारखान्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाने खिडकीचं माप नुसतं तोंडी सांगितलं तरी किती कापड लागेल ते त्या चटकन सांगायच्या. पण सुनेशी बोलताना लायनिंग आणि ब्लॅकआउट यांचा काय उपयोग?

सून परदेशातली. काकूंचा एकुलता एक मुलगा जहाजावर इंजिनिअर. कुठल्याशा लांबच्या बंदरात त्याचं जहाज दुरुस्तीसाठी अडकून पडलं, तेव्हा वेळ जावा म्हणून तो तिथल्या तरणतलावावर जायला लागला आणि तिथे पोहायला शिकवणाऱ्या मुलीशी लग्न करूनच घरी आला. "पोहायला त्याला लहानपणापासून येतं," काकू सांगतात. "मग शिकायला कशाला जातोय, हे मला लग्नानंतर कळलं!"

मुलगा बायकोला आईकडे सोडून थोड्याच आठवड्यांत पुन्हा जहाजावर गेला. सहा महिन्यांचं कंत्राट. मागे राहिल्या दोघीजणी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी.

सुनेचं प्रत्येक वाक्य 'आय'पासून सुरू व्हायचं. आय वॉन्ट, आय नीड, आय लाइक. पहिले काही दिवस काकूंना वाटलं, पोरगी आपल्यालाच हाक मारतेय. त्या हातातलं काम टाकून "काय गं?" म्हणत उठायच्या. ती गोंधळायची, पुन्हा म्हणायची "आय…" आणि काकू पुन्हा "अगं, हो, पण काय?" शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, "आई, आय म्हणजे मी."

"तू?"

"मी नाही गं, ती."

"मग ती मी कशी?"

मुलाने हात टेकले. दुसऱ्याच आठवड्यात काकू आमच्या इंग्रजीच्या वर्गात दाखल झाल्या.

आमचा वर्ग म्हणजे औषधांच्या दुकानाच्या वरची खोली. मी त्याच दुकानात काम करते. संध्याकाळी एप्रन काढून ठेवायचा आणि जिना चढायचा. आम्ही पाच-सहा बायका. शिकवणाऱ्या बाई बसस्थानकावर उद्घोषणा करायच्या, त्या कामातून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की त्यांनी 'गुड इव्हनिंग' म्हटलं की आपण सामान उचलावं असं वाटायचं. आणि सवयीने प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायच्या. "वर्गाने इकडे लक्ष द्यावे. वर्गाने इकडे लक्ष द्यावे."

काकू पहिल्या दिवसापासून धीट. चुकण्याची लाज त्यांना नव्हतीच. पण त्यांना एक खोड होती. जे क्रियापद येईल त्याला मागे 'इंग' लावायचा. 'कटिंग', 'स्टिचिंग', 'हँगिंग' ही कारखान्यातली रोजची बोली. त्यांना वाटायचं, इंग्रजी क्रियापदं अशीच जन्माला येतात. "आय ॲम नोइंग." "आय ॲम लाइकिंग." "आय ॲम वॉन्टिंग टी." बाई कपाळावर हात मारायच्या, काकू हसायच्या, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच.

घरी मात्र दोघींचं बरं चाललं होतं, निदान काकूंना तसं वाटत होतं. सून उंच, केस अगदी बारीक कापलेले, चालताना पावलांचा आवाज नाही. सकाळी काकू कामावर गेल्या की ती घर पुसून काढायची, खिडक्यांच्या काचा लख्ख करायची. संध्याकाळी दोघी समोरासमोर बसून सूप आणि ब्रेड खायच्या. काकूंनी काही सांगितलं की सून "आय सी" म्हणायची, आणि काकू वळून ती कुठे बघतेय ते शोधायच्या. मुलगा फोनवर बायकोला विचारायचा, तिथे आवडतंय ना? ती म्हणायची, "आय लाइक इट." काकू तेवढं ऐकून निश्चिंत व्हायच्या.

मग एका रविवारी सकाळी, अंडी उकडत ठेवलेली असताना, सून टेबलाशी बसून कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. फिरवता फिरवता काकूंकडे न बघता म्हणाली, "आय ॲम थिंकिंग ऑफ गोइंग होम."

काकूंना 'गोइंग' कळलं आणि 'होम' कळलं. त्याआधी काय होतं, ते कानावरून गेलं.

"गोइंग होम?" त्यांनी विचारलं.

सुनेने मान हलवली, म्हटलं तर हो, म्हटलं तर नाही. काकूंनी ते हो असं धरलं.

इथे काकूंचं एक जुनं दुखणं सांगायला हवं. त्या स्वतः नव्या नवरी असताना त्यांना एकदा आईकडे जावंसं वाटलं. आजारपण नाही, भांडण नाही, नुसतं जावंसं वाटलं. सासूने ऐकून घेतलं आणि काकूंच्या ट्रंकेची किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवली. तोंडाने एक शब्द बोलली नाही. काकू गेल्या नाहीत. पुढे सासूची सेवा केली, तिच्या शेवटच्या दुखण्यात तिचं सगळं केलं, पण ती किल्ली काही मनातून गेली नाही. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला होता, की आपल्या घरी येणाऱ्या पोरीला आपण कधी अडवायचं नाही.

म्हणून त्या रविवारी अंडी सोलता सोलता त्यांनी मन घट्ट केलं. रडू येत होतं. ते त्यांनी कांद्यावर ढकलायचं ठरवलं, आणि मग लक्षात आलं की घरात कांदाच नाही. दुपारी माळ्यावरून सुनेची मोठी बॅग काढली. तिची चेन तुटलेली होती आणि तळाशी कापड विरलं होतं. सोमवारी ती कारखान्यात नेली, जेवणाच्या सुट्टीत नवी चेन बसवली, तळाला जाड ब्लॅकआउटचं कापड दुहेरी लावून शिवलं. मालकीणबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "सून जातेय माहेरी. फाटक्या बॅगेने कशी पाठवू?" संध्याकाळी ती पुसून, हवेवर ठेवून सुनेच्या पलंगाशेजारी नीट उभी करून ठेवली. त्यांच्या मनात ती भेट होती.

सून खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला.

"यू वॉन्ट मी टू गो?"

पुन्हा काकूंनी ओळखीचे दोन शब्द पकडले. वॉन्ट आणि गो. त्यांना वाटलं, पोरगी परवानगी मागतेय. त्या जितकं मोठं हसता येईल तितकं हसल्या. "यस, यस! यू वॉन्ट, यू गो. नो प्रॉब्लेम!"

सून आत गेली आणि दार लावलं. अगदी हळू लावलं. "आपटलं असतं तर मला कळलं तरी असतं," काकू मला नंतर म्हणाल्या. "इतकं हळू लावलं, मला वाटलं, शहाणी पोर आहे, आवाज नको म्हणून जपतेय."

पुढचे दोन दिवस ती फारसं जेवली नाही. काकूंना वाटलं, निरोपाचं दुःख. त्यांनाही होतंच. दोघी एकमेकींसमोर बसून सूप ढवळायच्या.

बुधवारी वर्ग होता. बाईंनी त्या दिवशी नेमकं काकूंचंच दुखणं हातात घेतलं. "आज या 'इंग'चा सोक्षमोक्ष," त्या म्हणाल्या. "आज या 'इंग'चा सोक्षमोक्ष." मग काकूंना पुढे बोलावून उभं केलं.

"कटिंग करून दाखवा."

काकूंनी हवेत कात्री चालवली.

"स्टिचिंग."

काकूंनी पाय हलवला, हाताखालून कापड सरकवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आता नो. नो म्हणजे माहीत असणं. दाखवा."

काकूंनी डोळे बारीक केले. मग मोठे केले. मग नुसत्याच उभ्या राहिल्या.

"बिलीव्ह. विश्वास असणं. दाखवा."

काकूंनी छातीवर हात ठेवला. माझ्या शेजारची म्हणाली, "हे तर छातीत दुखतंय!" वर्ग हसून लोळला.

"दाखवता येत नाही ना?" बाई म्हणाल्या. "कारण ती काम करणारी क्रियापदं नाहीत. ती आत नुसती असतात. माहीत असतं, आवडतं, हवं असतं, पटतं. ती सुरू केली, मधेच थांबवली, उद्या उरलेली केली, असं होत नाही. म्हणून त्यांना साधारणपणे 'इंग' लागत नाही. आय नो. आय लाइक. आय वॉन्ट."

काकू विचारात पडल्या. "पण बाई, इंग्रज सारखा आय, आय कसा म्हणतो? आपण म्हणतो, मला आवडतं, मला राग आला, मला आठवण येते. राग येतो, आठवण येते, पाहुण्यासारखी. आपण थोडीच आणतो?"

"बरोबर. त्यांच्यात वाक्याच्या पुढे माणूस उभा करतात. पण तोही ते करत नसतो, त्याचं ते असतं."

"मग थिंकचं काय?" मी विचारलं. मला ते कधीच जमलं नव्हतं.

"थिंक दोन्हीकडे जातं," बाई म्हणाल्या, आणि काकूंना कळावं म्हणून मुद्दाम पडद्याचं उदाहरण घेतलं. "आय थिंक धिस कर्टन इज लाँग. मला वाटतं, पडदा लांब आहे. मत झालं, संपलं. पण, आय ॲम थिंकिंग अबाउट धिस कर्टन. म्हणजे अजून विचार चालू आहे. कापड टेबलावर पसरलंय, कात्री लावलेली नाही. म्हणूनच, व्हॉट डू यू थिंक म्हणजे तुझं मत काय, आणि व्हॉट आर यू थिंकिंग म्हणजे तुझ्या मनात काय चाललंय. दोन्ही वेगळं."

काकू खाली बसत होत्या, त्या अर्ध्यातच थांबल्या.

"बाई, आय ॲम थिंकिंग ऑफ गोइंग होम. याचा अर्थ काय?"

"घरी जावं का, असं मनात घोळतंय. ठरलेलं नाही."

"ठरलं असतं तर?"

"आय ॲम गोइंग होम."

"आणि… यू वॉन्ट मी टू गो?"

"मी जावं असं तुम्हाला हवंय का?"

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या भिंतीला टेकल्या. मग त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं, अंड्यांपासून बॅगेपर्यंत. वर्गात कुणी हसलं नाही. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "मी येते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "मी समजावून सांगते तिला."

"नको," काकू म्हणाल्या. "घोळ मी घातलाय. मीच निस्तरते."

"बोलता येईल?"

"येईल तितकं बोलेन." आणि पिशवी वर्गातच विसरून त्या जिना उतरल्या सुद्धा.

पुढचं मला काकूंनीच सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा. आणि नंतर सुनेनेही तिच्या बाजूने सांगितलं. दोघींचं जवळपास जुळतं.

सुनेच्या पलंगावर कपड्यांचे ढीग होते आणि बॅग उघडी होती. ती मोज्यांच्या जोड्या लावत होती. काकू धापा टाकत आत आल्या आणि त्यांना बोलायला एक शब्द सुचेना. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना सांडली होती. त्यांनी सरळ बॅग ओढली, पालथी केली, आणि तिच्यावर बसल्या.

"यू," त्या म्हणाल्या, "थिंकिंग. संडे. थिंकिंग. आय हिअर… गोइंग. थिंकिंग नो हिअर." आणि स्वतःच्या कानाला हात लावून त्यांनी एक चापट मारली.

सून बघत राहिली.

"आय नॉट वॉन्ट यू गो." मग त्या थांबल्या, मनात जुळवलं, आणि सावकाश म्हणाल्या, "आय वॉन्ट यू हिअर."

सुनेच्या हातात मोजे तसेच. "बट द बॅग…"

आता बॅगेचं इंग्रजीत सांगणं काकूंच्या शक्तीबाहेरचं होतं. मग त्यांनी मराठीतच सुरुवात केली. सासूचं, ट्रंकेचं, उशीखालच्या किल्लीचं, सगळं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, मग बसला. सुनेला एक अक्षर कळत नव्हतं. पण काकूंनी किल्ली फिरवल्यासारखी बोटं फिरवली आणि मूठ मिटली, तेव्हा ती त्यांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

काकूंनी नाक पुसलं आणि विचारलं, "व्हॉट आर यू थिंकिंग?"

मग ती बोलली. एकदा सुरू झाली ती थांबेचना. काकूंना त्यातलं एक तृतीयांश कळलं असेल. पण त्या उठल्या नाहीत. काही शब्द पुन्हा पुन्हा येत होते. वॉटर. चिल्ड्रन. नोबडी. हँड्स. ती स्वतःचे तळवे पुढे धरून दाखवत होती आणि काकूंना हळूहळू उमगलं, की घर आवडत नाही असं नाही, सासू आवडत नाही असंही नाही. सकाळी उठलं की या हातांना काम नाही. इमारतीतले लोक तिच्याकडे बघून आपसात बोलतात, 'जहाजवाल्याची बायको' म्हणतात. इथे ती कोण, हे कुणालाच माहीत नाही. तिच्या गावी तलावाच्या काठावरून ती हाक मारायची तेव्हा चाळीस पोरं एकदम गप्प व्हायची.

"मग फोनवर त्याला 'आय लाइक' का म्हणायचीस?" काकूंनी मराठीतच विचारलं. तिने 'आय लाइक' ओळखलं आणि खांदे उडवले. आवडत होतं ते खरंच होतं, त्याने पुढचं काही विचारलंच नव्हतं.

काकू त्या रात्री शांत झोपल्या, कारण आता काम काय करायचं ते त्यांना कळलं होतं. गावातल्या तरणतलावाच्या कपडे बदलायच्या खोल्यांचे पडदे त्यांच्याच कारखान्यातले, ओलाव्याने कुजत नाहीत असे. तिथल्या व्यवस्थापकबाईंना त्या ओळखत होत्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्या सुनेला घेऊन तिथे गेल्या. बायकांचा वर्ग शिकवणारी काम सोडून गेलेली, वर्ग बंद पडलेला. पण व्यवस्थापकबाई का-कू करायला लागल्या. भाषा येत नाही, शिकवणार कशी?

"तुम्ही तिला पाण्यात तरी बघा," काकू म्हणाल्या.

सून पाण्यात उतरली. काकूंनी तिला तोपर्यंत घर पुसताना, सूप ढवळताना, खिडकीशी बसलेलीच बघितली होती. ती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली आणि परत आली, आणि पाणी जवळपास हललं नाही. काकू काठावर उभ्या होत्या. "मला माझीच लाज वाटली," त्या मला म्हणाल्या. "इतके दिवस ही माझ्या घरात काचा पुसत होती."

बायकांचा वर्ग सुरू झाला. पहिल्या तुकडीत मी होते, म्हणून खात्रीने सांगते, भाषेवाचून काही अडलं नाही. ती हात धरून दाखवायची, पाय धरून दाखवायची, स्वतः गाल फुगवून श्वास सोडायची. मराठी शब्द ती आमच्याकडूनच उचलत गेली. 'सोड', 'धर', 'घाबरू नको'. 'घाबरू नको' तर ती इतक्या जोरात ओरडायची, की आम्ही आधी दचकायचो.

मराठीतल्या आवडण्याने मात्र तिला चकवलं. एकदा जेवताना तिने चमचा खाली ठेवला, मोठ्या तयारीने श्वास घेतला आणि काकूंना म्हणाली, "आई, मी तुम्हाला खूप आवडते."

म्हणायचं होतं उलट. इंग्रजीतला 'आय' तिने नेहमीसारखा वाक्याच्या तोंडाशी उभा केला होता. काकूंच्या ते ध्यानात आलं. हसू ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. "हो गं," म्हणाल्या, "खूप आवडतेस." मग ती जिना उतरून तलावावर गेल्यावर एकट्याच हसत बसल्या. पुढे तीन-चार महिन्यांनी तिला चूक कळली, तेव्हा ती काकूंवर रागावली, का सुधारलं नाही म्हणून. काकू म्हणाल्या, "चूक काय होती त्यात?"

ती माहेरी गेलीच नाही असं नाही. तलाव साफ करायला महिनाभर बंद राहतो, तेव्हा गेली. काकू तिला सोडायला गेल्या आणि परत येताना बसमध्ये चुकीच्या थांब्यावर उतरल्या. तो महिना त्यांनी कसा काढला ते कारखान्यातल्या मालकीणबाईंना विचारा. म्हणाल्या, एका गिऱ्हाइकाचे पडदे काकूंनी उलटे शिवले. पण सून ठरल्या दिवशी परत आली, येताना काकूंसाठी पोहायचा पोशाख घेऊन. काकूंनी तो कपाटात ठेवला. अजून घातलेला नाही. म्हणतात, "बघू."

मुलगा जहाजावरून परतला, तेव्हा त्याच्या घरात एक तिसरीच भाषा चालू झाली होती. "आई, टॉवेल कुठे हँगिंग?" "खिडकीत बघ, ड्राय झालाय." त्याला हसावं की काळजी करावी कळेना. बॅगेची हकिकत ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो बायकोला म्हणाला, "मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

काकूच म्हणाल्या, "तू विचारायचास, आवडतंय ना, आणि फोन ठेवायचास. मीही तेच करत होते. पुढच्या खेपेला जरा लांबड लाव."

तो तसं करतो, असं सून सांगते. आता जहाजावरून त्याचे फोन इतके लांबतात की तीच कंटाळते, आणि पोहायच्या वर्गाला उशीर होतो म्हणून फोन काकूंच्या हातात देऊन निघून जाते. मग मायलेक बोलत बसतात. आम्ही पाण्यात उतरून थंडीने कुडकुडत तिची वाट बघत असतो.